सांगितलेली किंमत आणि लागलेली बोली

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग, लोधीपुरा किंवा दक्षिण तुकोगंज या वस्त्यांत मराठी कुटुंबांची जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांपैकी बरीचशी आज ना उद्या विक्रीस निघणार, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. मुले पुण्यास, बंगळुरास अथवा अमेरिकेत स्थायिक झालेली, घरात दोन वृद्ध माणसे, आणि जिन्याच्या पायऱ्या गुडघ्यांना जड झालेल्या. अशा घरांतून ‘विकावे की न विकावे’ यावर वर्षानुवर्षे खल होतो. परंतु एकदा विकण्याचे ठरले की ‘कसे विकावे’ यासाठी मात्र कोणी एक संध्याकाळही खर्च करीत नाही. कर्त्या पुरुषाच्या तोंडून एक आकडा बाहेर पडतो, तो गल्लीतल्या दलालाच्या कानी जातो आणि तेथून पुढे त्या घराचे नशीब त्या आकड्याला बांधले जाते.

हा आकडा येतो कोठून? पुष्कळदा तो गरजेतून येतो. मुलास पुण्यात सदनिका घ्यावयाची आहे, तीस इतके लागतात, तेव्हा घराचे तितके आले पाहिजेत, असा तो हिशेब असतो. वस्तुतः विकणाऱ्याच्या गरजेचा आणि घराच्या मोलाचा काडीइतकाही संबंध नाही; घेणाऱ्यास आपल्या चिरंजीवाच्या सदनिकेशी काय कर्तव्य? दुसरा उगम म्हणजे ऐकीव गोष्ट. शेजारचे घर ‘इतक्यात’ गेले, असे कोणी सांगतो. सांगणारा विकणाऱ्याचा मेहुणा असला तर तो आकडा फुगलेला असतो, आणि घेणाऱ्याचा असला तर आकसलेला. तिसरा उगम वर्तमानपत्राचा. इंदूर विकास प्राधिकरणाच्या एखाद्या योजनेत भूखंडाला चौरस फुटामागे अमुक दर आला, असे छापून येते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या साठ वर्षांच्या घराचा मालकही तोच दर आपल्या क्षेत्रफळाने गुणून पाहतो.

कोणी म्हणेल, सुरुवातीस काहीही सांगितले तरी बाजार शेवटी योग्य किमतीवर येईलच. अनुभव तसा नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टूसान नावाचे शहर आहे. तेथे नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध केला. खरे विक्रीस असलेले घर त्यांनी विद्यार्थ्यांना आणि घरांचा व्यवसाय करणाऱ्या मुरब्बी दलालांना दाखविले. माहितीचे कागद सर्वांना सारखेच दिले; बदल केला तो फक्त मालकाने सांगितलेल्या किमतीत. काहींच्या कागदावर ती तज्ज्ञांच्या मूल्यांकनापेक्षा शेकडा बाराने अधिक, तर काहींच्या कागदावर शेकडा बाराने कमी. ज्यांस मोठा आकडा दिसला त्यांनी घराचे मोल अधिक ठरविले आणि ज्यांस लहान दिसला त्यांनी कमी. विद्यार्थी फसले यात नवल नाही, दलालही फसले. गमतीचा भाग असा की, सांगितलेल्या किमतीचा आपण विचारच केला नाही, असे बहुसंख्य दलालांनी सांगितले. पहिला ऐकलेला आकडा मनात खुंटीसारखा रोवला जातो आणि पुढील सारे विचार त्या खुंटीस बांधलेल्या दाव्याइतकेच दूर जातात. हे तत्त्व काह्नमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच मांडले होते.

तर मग आकडा फुगवूनच सांगावा, असा निष्कर्ष सुज्ञ वाचक काढील. आपल्याकडील सर्वसाधारण रीत तीच आहे: वीस टक्के वाढवून सांगा, घेणारा घासाघीस करील, मग मधे कोठेतरी जुळेल. पण या रीतीची अडचण अशी की, ती घेणाऱ्यासही पाठ असते. तोही वीस टक्के कापूनच बोलतो. त्याहून मोठी अडचण काळाची. भलत्याच चढ्या भावाने बाजारात आलेले घर पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे ज्या काळात उत्सुक गिऱ्हाईक येते त्या काळात, कोणी पाहतच नाही. पुढे भाव उतरविला तरी ‘वर्षभर पडून आहे, काहीतरी खोट असेल’ अशी कुजबुज सुरू होते. कागदपत्रांत वाद असेल, भाडेकरू अडून बसला असेल, वास्तू दक्षिणमुखी आहे, भूखंड पुढे रुंद आणि मागे निमुळता म्हणजे वाघमुखी आहे, अशी कारणे लोक आपणच शोधून काढतात. घरही भाजीसारखे शिळे होते, आणि शिळ्या घराला मिळणारी बोली पहिल्या महिन्यात मिळाली असती त्याहूनही उणी असते.

याच्या अगदी उलट रीत स्कॉटलंडमध्ये आहे. तेथे मालक मुद्दाम कमी किंमत जाहीर करतो आणि ‘याहून अधिकच्या बोली मागवीत आहोत’ असे कळवितो. उत्सुक माणसे पुरेशी जमली की एक तारीख व वेळ ठरते आणि त्या वेळेपर्यंत प्रत्येकाने आपल्या वकिलामार्फत बंद पाकिटात एकदाच बोली द्यावयाची असते. दुसऱ्याने काय लिहिले हे कोणास कळत नाही. ही रीत चालते, कारण तिच्यामागे व्यवस्था उभी आहे. २००८ च्या डिसेंबरपासून तेथे घर विकणाऱ्यानेच तज्ज्ञाकडून पाहणी करून तिचा अहवाल आधी तयार ठेवावा, असा कायदा आहे. ऑस्ट्रेलियात घराच्या अंगणातच उघडा लिलाव होतो. मात्र गर्दी खेचण्यासाठी खोटी कमी किंमत सांगण्याचा प्रकार इतका बोकाळला की व्हिक्टोरिया राज्याला २०१७ साली त्याविरुद्ध कडक कायदा अमलात आणावा लागला.

आपल्याकडे कोणी अशी कमी किंमत सांगितली तर काय होईल? बोली चढणार नाही. पहिलाच माणूस ‘आपणच सांगितले होते ना?’ म्हणून हात धरील, आणि मराठी मालक शब्दाला जागून गप्प बसेल. कमी किंमत सांगण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा अनेक घेणारे एकाच दिवशी एकमेकांसमोर किंवा एकमेकांस ठाऊक असे उभे राहतात. आमच्या घरविक्रीत नेमकी हीच गोष्ट नसते.

जुन्या काळी गुरांच्या व धान्याच्या बाजारात ‘हत्ता’ नावाची पद्धत होती. रुमालाखाली हात घालून व्यापारी व अडत्या एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरे. शेतकरी शेजारी उभा; त्याच्याच मालाचा भाव ठरतो आहे, पण त्यास काही कळत नाही. नियंत्रित बाजाराचे कायदे झाले, ही पद्धत बंद करण्यात आली आणि मंडीत उघडी बोली आली. आज इंदूरच्या छावणीतील मंडीत गहू विकावयास आलेल्या शेतकऱ्यासमोर बोली मोठ्याने पुकारली जाते. घर मात्र अजूनही रुमालाखालीच विकले जाते. एकाने किती देऊ केले हे दुसऱ्यास ठाऊक नाही, दोघांनी किती देऊ केले हे मालकास नक्की ठाऊक नाही, आणि सर्व काही ठाऊक असलेला माणूस एकच, तो म्हणजे दलाल.

दलालास दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. त्याच्या हिशेबाकडे एकदा त्याच्या बाजूने पाहावे. समजा, ऐंशी लाखांस घर जात आहे आणि त्याची दलाली शेकडा एक आहे. त्यास ऐंशी हजार मिळतील. तीन महिने थांबून, आणखी दहा गिऱ्हाइके आणून त्याने त्र्याऐंशी लाख मिळवून दिले, तर मालकास तीन लाख अधिक मिळतील आणि दलालास तीन हजार. तीन हजारांसाठी तो तीन महिने का थांबेल? तो आपणास सांगेल, ‘साहेब, सौदा चांगला आहे, हातचा घालवू नका.’ त्यात कपट नाही. त्याच्या दृष्टीने सौदा खरोखरच चांगला असतो. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील जवळजवळ एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ साली दाखवून दिले की, दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवितात. म्हणजे थांबण्याचे मोल त्यांस चांगले ठाऊक असते. इंदुरात तर एकच घर पाच दलालांकडे सोपविण्याची चाल आहे. अधिक माणसे लागली म्हणजे अधिक भाव येईल, अशी समजूत. घडते ते असे की, पाचांपैकी प्रत्येकास आपल्या आधी दुसरा सौदा करील ही धास्ती, म्हणून प्रत्येकजण आपल्या गिऱ्हाइकाला खालचा भाव सुचवितो. त्यापेक्षा एकासच काम द्यावे, रेरा कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का ते पाहावे, आणि ठराविक रकमेच्या वर जे मिळेल त्यातील शेकडा दहा तुझे, असा करार करावा. मग तोही तीन महिने आनंदाने थांबेल.

बोलीवर दुसरे मोठे ओझे शासकीय दराचे आहे. ‘गाइडलाइन’ हा शब्द इंदूरच्या मराठीत आता मराठीच झाला आहे. जिल्हाधिकारी दर वर्षी वस्तीनिहाय दर जाहीर करतात आणि त्याहून कमी रकमेची रजिस्ट्री केली तरी मुद्रांक त्याच दराने भरावा लागतो. मध्य प्रदेशात मुद्रांक व नोंदणी मिळून खर्च शेकडा दहाच्या वर जातो. साहजिकच घेणाऱ्यास रजिस्ट्रीचा आकडा लहान हवा असतो, आणि येथून ‘एक नंबर’ व ‘दोन नंबर’ यांचा खेळ सुरू होतो. याचा बोलीवर होणारा परिणाम फारसा कोणी ध्यानात घेत नाही. समजा, एकजण पंच्याऐंशी लाख देतो, पण त्यातील पस्तीस लाख रोख. दुसरा अठ्ठ्याहत्तर लाख देतो आणि सर्व बँकेतून. पहिली बोली मोठी दिसते. परंतु निवृत्त शिक्षकाने अथवा बँकेतील अधिकाऱ्याने ते पस्तीस लाख ठेवावयाचे कोठे? मुलाच्या सदनिकेसाठी ते देता येत नाहीत, मुदत ठेवीत टाकता येत नाहीत. शिवाय २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेणे हाच आयकर कायद्याचा भंग असून दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे. ज्यांस रोकड पचविता येते अशांचाच बाजार मोठा आणि पगारदार, कर्ज काढून घेणारा प्रामाणिक माणूस त्या बाजारातून आपोआप बाहेर पडतो. बोली देणारेच कमी झाले की भाव उतरतो. मग घेणाऱ्याचा फायदा तो विकणाऱ्याचाही, असे म्हणता येईल काय?

शासनाने यावर एकेकाळी मोठा अजब उपाय योजला होता. १९८६ साली आयकर कायद्यात अशी तरतूद झाली की, ठराविक रकमेवरील सौद्यात किंमत कमी दाखविल्याचे दिसले तर त्याच दाखविलेल्या किमतीत ते घर केंद्र सरकारने स्वतःच खरेदी करावे. प्रथम चार महानगरांत ती लागू झाली. बाजारभावापेक्षा शेकडा पंधराहून अधिक तफावत असेल तर संशय घेतला जाई. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संबंधितांचे म्हणणे ऐकल्याखेरीज असे घर घेता येणार नाही, आणि २००२ मध्ये ती तरतूद मोडीत निघाली. तिच्याऐवजी, शासकीय दराहून कमी रकमेस घर विकले तरी भांडवली लाभ शासकीय दरानेच मोजावयाचा, असा नियम आला. २०२० नंतर त्यात दहा टक्क्यांपर्यंत सूट आहे. म्हणजे शासकीय दर हा आता केवळ मुद्रांकाचा आकडा नव्हे, तर बोलीच्या तळाशी ठोकलेली पाटी आहे. ज्या गल्लीत दर बाजारापेक्षा वर गेला तेथे विक्री गोठते. २०१९ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हे दर सरसकट वीस टक्क्यांनी खाली आणले, ते याच कारणास्तव.

विकास प्राधिकरणाच्या बंद निविदांचा उल्लेख वर आला आहे. प्राधिकरण आपल्या भूखंडांचा आधारभूत दर जाहीर करते आणि त्यावर बोली मागविते. सर्वांत मोठी बोली ज्याची, त्यास भूखंड. येथे एक सूक्ष्म धोका असतो. भूखंडाचे खरे मोल कोणासच नेमके ठाऊक नसते. प्रत्येकजण आपला अंदाज लिहितो. कोणाचा अंदाज थोडा कमी, कोणाचा थोडा अधिक. निविदा मिळते ती ज्याने सर्वांत अधिक अंदाज केला त्यास, म्हणजे बहुधा ज्याची चूक सर्वांत मोठी त्यास. तेलाच्या क्षेत्रांवर बोली लावणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली हे दाखवून दिले, आणि पुढे लिलावांच्या शास्त्रासाठी मिलग्रॉम व विल्सन यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या विवेचनातही हा विषय आहे. तेव्हा वर्तमानपत्रात छापून येणारा दर हा वस्तीचा दर नसून, त्या दिवशी जो सर्वांत आशावादी होता त्याचा दर असतो. त्यावरून आपल्या रामबागेतल्या घराची किंमत काढणे म्हणजे गावातल्या सर्वांत उंच माणसाच्या मापाने सर्वांसाठी सदरे शिवण्यासारखे आहे.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. मराठी घर क्वचितच एकाचे असते. वडील गेले, मृत्युपत्र नाही, तिघे भावंडे वारस. एक इंदुरात राहून घर सांभाळणारा, एक पुण्यात, आणि बहीण अमेरिकेत. बाहेरच्यास विकण्यापूर्वी आपसात घेण्याची भाषा होते. ‘तूच सांग किंमत’, ‘नाही, तू सांग’ असे दोन वर्षे चालते आणि शेवटी बोलणेच बंद होते. कायद्याने यासाठी बोलीची रीत फार पूर्वीच घालून दिली आहे. १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे, घराचे सोयीने तुकडे होत नसतील तर निम्म्या वा अधिक हिश्श्याचे धनी न्यायालयाकडे विक्री मागू शकतात. तशी मागणी होताच दुसऱ्या हिस्सेदारास, न्यायालयाने ठरविलेल्या मूल्यांकनाने ते हिस्से स्वतः घेण्याचा हक्क मिळतो. दोघा हिस्सेदारांनी घेतो म्हटले तर मूल्यांकनाहून जो अधिक देईल त्यास. जाहीर विक्रीची वेळ आलीच तर न्यायालय एक राखीव किंमत ठरविते, आणि हिस्सेदार व परका यांची बोली सारखीच आली तर घर हिस्सेदाराचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही, एका वारसाने आपला हिस्सा विकावयास काढला तर इतरांस आधी घेण्याचा हक्क आहे आणि चढाओढ झाल्यास अधिक मोबदला देणाऱ्यास प्राधान्य आहे. राहत्या घरात मुलींस वाटणी मागता येत नसे, ते बंधन २००५ मध्ये गेले; अमेरिकेतील बहिणीच्या सहीवाचून आता काहीच होत नाही.

न्यायालयात न जाता घरातल्या घरात बोली करावयाची तर अनेक घराण्यांत चालत आलेली जुनी चाल उपयोगी पडते: थोरल्याने वाटे करावे, धाकट्याने आधी उचलावा. घराच्या बाबतीत तिचे रूप असे, की एकाने आकडा सांगावा. दुसऱ्याने त्याच आकड्याला दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा किंवा आपला द्यावा. सांगणारा वाजवीच सांगतो, कारण आपण घेणार की देणार हे त्यास ठाऊक नसते. रीत सुंदर आहे, पण तिच्यात एक उणीव आहे आणि तिने अनेक घरांत अन्याय झाला आहे. दोघांच्या हाती सारखा पैसा असेल तरच ती न्याय्य. घर सांभाळलेल्या, आईवडिलांची शेवटची दुखणी काढलेल्या भावाकडे रोकड नाही, हे परदेशातील भावास ठाऊक असते. त्याने बाजाराहून कमी आकडा सांगितला तरी इकडचा भाऊ घेऊ शकत नाही, त्यास देणेच भाग पडते. अशा वेळी आधी सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घ्यावी, तिच्याखालील बोली ग्राह्य धरू नये, आणि घरात राहणाऱ्यास कर्ज उभारण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. प्रस्तुत लेखकाच्या मते हे तीन मुद्दे कागदावर लिहून तिघांच्या सह्या झाल्याखेरीज कोणीही आकडा उच्चारू नये.

जुन्या घरात भाडेकरू असला तर परका घेणारा किमतीत मोठी सूट मागतो. १९६१ च्या मध्य प्रदेश भाडे नियंत्रण कायद्याखालील जुना भाडेकरू काढणे किती दुष्कर, हे तो जाणतो. पण तीच अडचण भाडेकरूस अडचण नाही. त्याच्या दृष्टीने घर रिकामेच आहे. परक्याने देऊ केलेली रक्कम आणि रिकाम्या घराची रक्कम यांच्या मधला कोणताही आकडा मालकास व भाडेकरूस दोघांसही लाभाचा असतो. तरीही मालक मानापोटी त्यास विचारीत नाहीत आणि शेवटी एखादा विकसक दोघांस स्वतंत्रपणे गाठून मधली सारी मलई घेऊन जातो.

राहता राहिला बयाणा. आपल्याकडे आकडा एकने संपविण्याची चाल आहे: एकावन्न हजार एक, एक लाख एक. शुभाच्या भरात मालक हे विसरतो की, लहान बयाणा आणि लांब मुदत म्हणजे घेणाऱ्याच्या हाती दिलेला फुकटचा हक्क होय. एक लाख एक रुपयात त्याने ऐंशी लाखांचे घर आठ महिने अडकविले. भाव चढला तर तो दुसऱ्यास विकून मधला नफा खातो, आणि उतरला तर एक लाख सोडून निघून जातो. इंदूरच्या कॉलन्यांत खिशातल्या डायरीवर नोंदी करून भूखंडांचे सौदे हातोहात फिरत, ते याच वृत्तीने. त्या डायऱ्यांवर प्रशासनाने पुढे कारवाई केली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रीच्या कराराने घराची मालकी जात नाही हे खरे, परंतु २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून देण्याचा हुकूम न्यायालयाकडून मिळविणे घेणाऱ्यास पूर्वीहून सोपे झाले आहे. म्हणून बयाण्याची रक्कम निदान दशांश असावी, मुदत नव्वद दिवसांहून अधिक नसावी, उरलेली रक्कम बँकेतूनच येईल असे लिहावे, पन्नास लाख वा त्यावरील सौद्यात घेणाऱ्याने कापावयाच्या एक टक्का कराचा उल्लेख करावा, करारावर आपल्या वतीने दुसऱ्या कोणास रजिस्ट्री करता येणार नाही असे स्पष्ट वाक्य घालावे, आणि कोरे मुखत्यारपत्र कोणासही, अगदी भाच्यासही, देऊ नये.